तेहतीस चूड आणि एक बोर्ड

१

कोसमपार फाट्यावरचा एस.टी.चा बोर्ड चोरीला गेल्याचा अर्ज आगारात आला, तेव्हा वाहतूक निरीक्षक टेकचंद शरणागत यांनी तो दोनदा वाचला. चोरी पत्र्याची होते, तारेची होते, डिझेलची तर होतेच. पण या अर्जात पुढे लिहिलं होतं: 'सदर बोर्ड चोरीस जाऊन त्याच रस्त्यावर दोनशेसाठ पावलांवर उभा आहे. रोज तो वीस पावलं पुढे जातो. तरी चोरास पकडून बोर्ड मूळ जागी आणून द्यावा, ही विनंती.' खाली सही होती, परसराम बिसेन, चहा-नाश्ता, कोसमपार फाटा.

हा अर्ज आवक बारनिशीपासून टेकचंदांच्या टेबलापर्यंत यायला वीस दिवस लागले. अंतर अकरा फुटांचं. त्या वीस दिवसांत बोर्डही स्वस्थ बसला नव्हता. गुरुवारी सकाळी टेकचंद सिहोऱ्याहून रिकाम्या येणाऱ्या निळ्या बसमधून उतरले आणि पावलं मोजत फाट्यापर्यंत गेले. सहाशेसाठ भरली. आगाराचा कागद आणि आगाराचा बोर्ड यांची शर्यत लागली तर बोर्ड जिंकतो, हे त्यांना चौतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळलं.

टेकचंदांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. आगारात त्यांची ख्याती शिस्तीचा माणूस अशी होती, म्हणजे त्यांना चहाला कोणी बोलवत नसे. दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर, मंजूर थांबा नसताना गाडी उभी केली म्हणून, त्यांनी एका ड्रायव्हरची वेतनवाढ थांबवली होती. त्या केसचा त्यांना अभिमान होता. गुरुवारी दुपारपर्यंत होता.

जागा अशी होती. फाट्यावर परसरामचा चहाचा ठेला, तिथून रस्ता वळतो, वळणापुढे पुलिया, म्हणजे छोटा पूल. पुलियाच्या अंगाला मोहाच्या दारूचा अड्डा, ज्याची पोलिसांखेरीज सगळ्यांना माहिती. त्यापुढे बोडीटोली, वीस-बावीस घरांची वस्ती, फाट्यापासून बरोबर सातशे पावलांवर. बस कोसमपारहून निघते आणि टोलीच्या दारावरूनच सिहोऱ्याला जाते. पण थांबते फाट्यावर. म्हणून टोलीच्या पोरी रोज उलट्या दिशेनं, अड्ड्यावरून चालत जाऊन बस पकडत आणि बसून आपल्याच घरावरून शाळेला जात. संध्याकाळी याच्या उलट. जुन्या लोकांना हे काशीयात्रेसारखं वाटे.

आता बोर्ड पुलिया आणि अड्डा ओलांडून टोलीच्या तोंडाशी आला होता. टेकचंद फाट्यावरून परतले तेव्हा त्याच्याखाली तीन मुली दप्तरं पोटाशी धरून उभ्या होत्या.

त्यांतल्या उंच मुलीनं विचारलं, "साहेब, तुमी बोर्ड न्याले आले का जी?"

"न्याले नाही. पाहाले."

"अन् पाहून झाल्यावर?"

"जिथला तिथं लावा लागते. नियम हाय."

 बोर्डाचा खांब वाकडा होता, तो मुलीनं हलकेच सरळ केला. नाव खुशबू गजभिये, नववी. बाप मिस्त्री, महिनाभरापासून बाहेरगावी इमारतीच्या कामावर.

"बाबा आज संध्याकाळी येते," ती म्हणाली. "सोमवारी पोळा झाला का मले नागपूरले नेते. एका बंगल्यात लेकरू सांभाळाले."

"अन् शाळा?"

"अड्ड्यावरून पायी पाठवत नाही म्हणते. बोर्ड इथं राहिला तर पाहू म्हणन. तुमी नेला तर..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि टेकचंदांकडे असं पाहिलं, की चौतीस वर्षांत त्यांना पहिल्यांदा आपल्या खिशातलं नियमांचं पुस्तक टोचलं.

२

परसरामच्या ठेल्यावर टेकचंदांना चहा मिळाला. फिर्यादीचा चहा नियमात बसतो की नाही, याचा विचार त्यांनी दुसऱ्या घोटानंतर केला.

"धंदा बसला, साहेब," परसराम म्हणाला. "आधी गाडी येईपर्यंत माणूस दोन चहा प्यायचा. आता बोर्डामागं पुढं जाऊन उभा राह्यते. कोनी इचारत नाही का बोर्ड इथं काहून आला म्हनून. बोर्ड जिथं, लोकं तिथं."

"मग तूच काहून परत आणला नाही?"

"सरकारी माल! हात लावला का मीच चोर."

बोर्डाच्या बुडाचं सिमेंट मागंच एका ट्रॅक्टरनं उडवलं होतं. तेव्हापासून तो खड्ड्यात नुसता उभा होता, दोन माणसांत सहज उचलण्यासारखा. बोर्ड कधी हलतो, असं टेकचंदांनी विचारलं.

"मी सहाले भट्टी पेटवतो. सात वाजता पाह्यलं का पुढं गेलेला. वळणामुळं इथून काही दिसत नाही. फक्त बुधवारी त्याले आळस येते. बुधवारी सकाळी जागचा हालत नाही. दहा वाजता पाहाल तर गेलेला."

"बुधवारी काय असते?"

"बाजार. सारं गाव बाजाराले. बोर्डालेबी जाऊशी वाटत असन."

"सहा ते सात रस्त्यावर कोण असते?"

"कोनी नाही, साहेब. चिटपाखरू नाही." परसरामनं गाळणं आपटलं. "रोवण्याले जानाऱ्या बाया असतात तेवढ्या. चार-पाच. डोक्यावर धानाच्या रोपांचे पऱ्हे, पुढं ती म्हातारी आनंदाबाई लोखंडी सब्बल टेकत. काठी मोडली म्हणते बिचारीची. बाकी कोनी नाही."

टेकचंदांनी वहीत लिहिलं: 'पहाटे रस्त्यावर कोणीही नसते.'

"मले इचाराल तर चोर दोघांतला एक," परसराम आवाज खाली आणून म्हणाला. "एक तर हा मनिष काळी-पिवळीवाला."

हा मनिष तीन हातांवर बाकावर पडला होता. तो न उठता म्हणाला, "ऐकू येऊन राहिलं, काका. लोकं चालून थकले का माह्या गाडीत बसतात, हे खरं. पण मी आठाच्या आत उठत नाही, हे साऱ्या गावाले मालूम हाय."

"हे मात्र खरं," परसरामनं नाइलाजानं मान्य केलं. "मंग दुसरी. सिहोऱ्याची मास्तरीन, रुपा मॅडम. टोलीत थांबा पाहिजे म्हणून तिनं दोन वर्षांत अकरा अर्ज केले. अकरा! माणूस अकरा वेळा हात जोडते, बाराव्या वेळी काय करते?"

३

रुपा मॅडम मधल्या सुट्टीत व्हरांड्यात भेटल्या. हातात वह्यांचा गठ्ठा, चेहऱ्यावर सकाळपासून चार तास शिकवल्याची धूळ. टेकचंदांनी आपला हुद्दा सांगितल्यावर त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग कपाटातून एक फाइल काढून दिली.

"चोरी मी केली असती," त्या म्हणाल्या, "तर अकरा अर्ज कशाला केले असते? पहिल्याच महिन्यात केली असती. अकलेला सुचलं नाही, हे माझं दुर्दैव."

फाइल नीट लावलेली होती. वरच्या पानावर टोलीतल्या आठ मुलींची नावं होती, आणि त्यांतल्या पाचांवर पेन्सिलीची रेघ. शाई वापरायचा धीर झाला नसावा.

"आधी बस टोलीत थांबायची. ड्रायव्हर भला होता, हात दाखवला की थांबवायचा. मग म्हणे कोणीतरी त्याचा रिपोर्ट केला. त्या महिन्यापासून पोरी अड्ड्यावरून चालायला लागल्या. दिवाळीपर्यंत सहा राहिल्या. उन्हाळ्यात एकीचं लग्न लागलं. दोघी नागपूरला भांडी घासतात. आता तीन. सोमवारनंतर दोन. खुशबू गेली की उरलेल्या दोघींना त्यांच्या आया एकट्या सोडणार नाहीत. म्हणजे शून्य. गणित सोपं आहे, साहेब. पाचवीतलं."

टेकचंद पाणी प्यायले. पेला रिकामा होता.

"अन् अर्जांचं काय उत्तर आलं?"

"अकरा अर्जांना एकच. मला पाठ झालंय." त्यांनी कागद पुढे सरकवला. 'सदर ठिकाणी प्रवासी चढत नसल्याने तेथे थांबा मंजूर करता येत नाही.' "थांबा नाही म्हणून चढत नाहीत, असं मी बाराव्या अर्जात लिहिणार होते. मग वाटलं, इतकं समजणारा माणूस तिथं असता तर अकराची गरज पडली नसती. तुम्ही ओळखता का हो ह्यांना? सही वाचता येत नाही."

टेकचंदांनी कागद डोळ्यांजवळ नेला. सही वाचता येण्यासारखी खरंच नव्हती. पण वाचायची गरजही नव्हती. ती त्यांचीच होती.

४

दुपारच्या गाडीनं टेकचंद पुन्हा फाट्यावर उतरले आणि बोर्डाच्या दिशेनं पायी निघाले. तपासाला आलेल्या माणसाला आपणच संशयित निघाल्यावर चालायला मोकळा रस्ता लागतो.

फाट्यावरच, जिथे बोर्ड मुळात उभा होता, तिथे त्यांच्या चपलेत खडा शिरला. ते खाली वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

रस्त्याच्या कडेला, ओल्या मातीत, धानाचा एक चूड उभा होता.

रोवणी करताना बाई बोटांच्या चिमटीत तीन-चार रोपं धरते आणि चिखलात एकत्र खोवते, तो चूड. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असे लाखो असतात. पण हा बांधीत नव्हता. एस.टी.च्या हद्दीत होता. चांगला वीतभर वाढलेला, हिरवागार, फुटवे आलेला. टेकचंदांनी वीस पावलं मोजली. दुसरा चूड. आणखी वीस. तिसरा, त्याचे शेंडे शेळीनं खाल्लेले.

टेकचंद धानाच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्यांचा अभ्यास झाला तो बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून. खाली चिखलात थोरली बहीण कुंताबाई रोवत मागे मागे सरकायची आणि स्वतः चौथीपर्यंत शिकलेले पाढे टेकचंदांकडून म्हणून घ्यायची. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे होती. नाल्यापलीकडे मुलगा जाऊ शकत होता. त्यामुळे धान वाचायला टेकचंदांना चष्मा लागत नसे.

पुलियापर्यंत चूड हिरवे होते. पुढे हळूहळू फिके होत गेले आणि बोर्डाजवळचे तर पिवळे पडलेले होते, रोवल्यावर आठवडाभर धान पडतो तसे. म्हणजे रांगेचं एक टोक जुनं, एक नवं. तेहतीस चूड. वीस पावलांना एक. तेहतीस दिवस.

ज्यानं कोणी बोर्ड उपटला, त्यानं मागचा खड्डा बुजवला, चिखल सारखा केला, आणि चोरीच्या जागी पुरावा रोवून ठेवला. रोज. जगात असा चोर नाही. म्हणजे हा चोर नव्हता. हा हात होता, ज्याला मोकळा चिखल पाहवत नाही.

जुन्या चुडांना फुटवे आल्यानं त्यांतली रोपं मोजण्यात अर्थ नव्हता. नव्यांमध्ये मात्र कुठे तीन रोपं होती, कुठे चार. तीनवाले सरळ, चारवाले किंचित डावीकडे कललेले. दोन हात. आणि एक तिसराही होता. पाचवा, बारावा, एकोणिसावा, सव्विसावा आणि तेहतिसावा या चुडांत मोजणीच नव्हती. अख्खी जुडीच, बांधलेल्या काडीसकट, खुंटी ठोकावी तशी खुपसलेली.

एकतिसावा आणि बत्तिसावा चूड बुडाशी जांभळे होते. एक रोप उपटून घेऊन टेकचंद ठेल्यावर परत गेले.

"परसराम, हा जांभळ्या बुडाचा धान इकडे कोणाचा?"

"माहाच!" परसरामनं रोप हातात घेऊन अभिमानानं फिरवलं. "साऱ्या शिवारात मीच लावतो. सोमवारी न मंगळवारी रोवणा झाला."

"कोणाच्या बाया होत्या?"

"मंगलाबाईची टोळी. खुशबूची माय. पण कायले जी? हे तुमाले कुठं भेटलं?"

"रस्त्यावर," टेकचंद म्हणाले. "जिथे चिटपाखरू नसते तिथे."

५

टोळी बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, खालच्या बांधीत होती. पाच बाया ओळीत वाकलेल्या, पाठीवर पावसासाठी प्लास्टिक बांधलेलं. टेकचंदांनी चपला धुऱ्यावर ठेवल्या आणि रोवलेल्या पट्ट्यांकडे पाहत उभे राहिले. पोलीस बोटांचे ठसे काचेवर शोधतात. इथे ते दीड एकर पसरले होते.

"उजवीकडून दुसरा पट्टा कोणाचा?" त्यांनी विचारलं. "तीन रोपं, सरळ."

बाया थांबल्या. चाळिशीच्या आतली एक बाई पाठ सरळ करून म्हणाली, "माहा. काहून जी?"

"तुमी मंगलाबाई. अन् शेवटचा, चार रोपांचा, डावीकडे कललेला?"

"माह्या डाव्या गुडघ्यात वात हाय," आनंदाबाई म्हणाली. पंचाहत्तरीची असावी. "वाकलं का कलतोच. धान येते नं बरोबर? मंग सरळ न वाकडं काय पाहाता?" तिची सब्बल, म्हणजे पहार, धुऱ्यात रोवलेली होती.

"काठी वजनदार हाय, आजी."

"म्हातारीले जडच काठी लागते, बावा. हलकीनं तोल जाते."

"फाट्यापासून बोर्डापर्यंत तेहतीस चूड हायेत," टेकचंद म्हणाले. "अठ्ठावीस तुमच्या दोघींच्या हातचे. सब्बलीनं पुढचा खड्डा करायचा, दोघींनी खांब उचलायचा, मागचा बुजवायचा. सहा ते सातमध्ये. बोर्ड हलवला हे मी समजलो. पण धान कायले रोवला?"

 मंगलाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं, दुसऱ्याचे असावेत तसं.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. "खड्डा बुजवला, वरून चिखल गुळगुळीत केला, का हात आपोआप जाते. हातात जुडी राह्यते नं. मोकळा चिखल पाहून हात थांबत नाही, साहेब. पोटच्या लेकराले उघडं पाहून थांबते का?"

"अन् मी म्हणत होती तिले," आनंदाबाई म्हणाली, "अवं, चोरी करून राहिलो, रोवू नोको. म्हणता म्हणता मीबी रोवून बसे."

बाकीच्या बाया हसल्या. मंगलाबाई हसली नाही. ती चिखलातून धुऱ्यापर्यंत आली.

"खुशबूच्या बापाले म्या म्हटलं होतं, पोरीले एवढी दहावी करू द्या. तो म्हणे, अड्ड्यावरून माही पोरगी चालणार नाही. मानूस वाईट नाही, साहेब. भेते. मी म्हटलं, अन् गाडी दारात थांबली तर? तो हासला. म्हणे, बोर्ड का चालत येणार हाय टोलीत? आला चालत तर माही ना नाही. जा." तिनं पदरानं हात पुसले. "मंग दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला, अन् आमी बोर्ड चालवाले लागलो. रोवणा असाच होते. एका दिवसात कोनाची बांधी होत नाही. वीस पावलं रोज."

"किती राहिली?"

"चाळीस. आज खड्ड्यात दगड लागला, बोर्ड हालला नाही. दोन दिवस पाहिजे होते. अन् तो आजच येऊन राहिला." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "तुमी नेऊन राहिले का बोर्ड?"

 टेकचंदांच्या हिशोबात अजून पाच चूड उरले होते. "पाच जुड्या तुमच्या हातच्या नाहीत. दर सातवा दिवस. बुधवारी तुमी बाजाराले जाता. मग बुधवारी बोर्ड कोण हलवते?"

पाचही बाया एकाच वेळी खाली वाकल्या आणि रोवायला लागल्या, इतक्या वेगानं, की परसरामनं पाहिलं असतं तर मजुरी वाढवली असती.

"नाव नाही सांगणार," आनंदाबाई चिखलाशी बोलली. "आमाले नेऊन टाका. त्याच्या पोटावर एकदा पाय देऊन झाला हाय कोनाचा तरी."

६

पाच वाजता टेकचंद बोर्डाशी उभे होते, मागे कामावरून सुटलेली मंगलाबाईची टोळी. खांबावर छातीच्या उंचीला काळ्या ग्रीसचे पाच बोटांचे डाग होते, आठवड्यांचे एकावर एक. सकाळी ते त्यांनी गंज समजले होते. बुधवारी सकाळी सातला बोर्ड जागेवर, दहाला पुढे. मध्ये या रस्त्यावर एकच गोष्ट येते. सिहोऱ्याहून येणारी रिकामी बस, ज्यातला कंडक्टर शेवटच्या सीटवर झोपलेला असतो. आणि ज्याला चूड म्हणजे काय ते माहीत नाही, असा माणूस शेतावर नाही, स्टिअरिंगवर असतो.

बस दिसली. बोर्डाजवळ निरीक्षक पाहून ती नेहमीपेक्षा दहा हात आधीच थांबली. तीन मुली उतरल्या आणि कोणी न सांगता ओळीत उभ्या राहिल्या. ड्रायव्हर विनोद खाली आला. कारध्याचा, नदीकाठी वाढलेला, चिखलापेक्षा वाळूतला माणूस. त्यानं टेकचंदांचे डोळे खांबावर पाहिले आणि आपले हात मागे लपवले.

"दाखव," टेकचंद म्हणाले.

विनोदनं हात पुढे केले. "दोन वर्षं आरशात पाह्यलं, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या रिपोर्टानंतर मी टोलीत थांबवली नाही. सकाळी पोरी उलट्या चालत जाताना दिसत. आठ होत्या. मंग पाच. मंग तीन. आरसा बाजूनं वळवून पाह्यला, तरी दिसे. मागच्या महिन्यात एक दिवस या बायाले उशीर झाला, तवा खांब हालवताना दिसल्या. मी म्हटलं, बुधवार माहा."

"अन् जुडी कायले खुपसायचा?"

"खांबाच्या बुडाशी ठेवलेली राह्यची. मले वाटलं तसा नियमच हाय."

आनंदाबाईनं कपाळावर हात मारला. "बावा, ती उरलेली होती! सोडून तीन-तीन करून रोवा लागते!"

टेकचंदांनी वही काढली. तेहतीस दिवसांची चोरी, तीन गुन्हेगार, सगळे हजर, सगळे कबूल. त्यांच्या उभ्या नोकरीत इतकी स्वच्छ केस आली नव्हती. त्यांनी जवळजवळ अर्धं पान लिहिलं, आणि मग खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"कोसमपार फाटा येथे समक्ष पाहणी केली. बोर्ड मूळ जागी आढळला नाही. चोर मिळून आले नाहीत. पहाटे सदर रस्त्यावर कोणीही नसते, असे फिर्यादी स्वतः सांगतो. सबब फाट्यासाठी भांडारातून नवा बोर्ड देण्यात यावा. तसेच बोडीटोली येथे एक जुना बोर्ड उभा असून तेथे प्रवासी नियमित चढतात. प्रवासी चढत नसल्याने थांबा देता येत नाही, असे या कार्यालयाने अकरा वेळा कळवले आहे. आता चढत असल्याने तो काढता येत नाही."

कोणाला काही कळलं नाही. खुशबूला कळलं. नववीत कळतं. तिनं दप्तर खाली ठेवलं, मग उचललं, मग पुन्हा ठेवलं.

"पण साहेब," ती म्हणाली, "अजून टोली चाळीस पावलं हाय. तुमी लिहिलं तिथं बोर्ड नाही."

"खोटा रिपोर्ट मी चौतीस वर्षांत लिहिला नाही," टेकचंद म्हणाले आणि बाह्या वर केल्या. "आजी, काठी द्या."

वीस-वीसचे दोन हप्ते करायला वेळ नव्हता. एकदाच चाळीस पावलं, खुशबूच्या दारासमोर. विनोदनं खांब खांद्यावर घेतला, आनंदाबाईनं खड्डा कुठे ते दाखवलं, टेकचंदांनी मागचा बुजवला. चिखल तळव्यानं सारखा केला. मंगलाबाईनं जुडी त्यांच्याकडे धरली, आणि त्यांच्या बोटांनी त्यांना न विचारता त्यातून तीन रोपं सोडवून खोवली. सरळ.

आनंदाबाई वाकून पाहत राहिली. "साहेब, हा हात कोनाचा जी? हा तुमचा नाही."

"बहिणीचा," टेकचंद म्हणाले. बराच वेळ ते उठले नाहीत. गुडघ्यात वात त्यांच्याही असावा.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. खुशबूचा बाप जीवन आला होता, हँडलला थैली, मागे अवजारांची पेटी. दारात निळी बस, बसला टेकलेला ड्रायव्हर, मातीत बसलेला साहेब आणि या सगळ्यांच्या मधोमध तो बोर्ड. जीवननं सायकल भिंतीला लावली. बोर्डाभोवती एक फेरी मारली.  खुशबूनं श्वास कुठेतरी ठेवून दिला होता.

"आला का चालत," जीवन म्हणाला.

"आला," मंगलाबाई म्हणाली. "तेहतीस दिवस लागले त्याले."

जीवननं खांबाला हात लावला. खांब हलला. त्यानं आणखी हलवून पाहिलं. मिस्त्रीच्या चेहऱ्यावर असा एक भाव असतो, जो निकृष्ट काम पाहिल्यावरच येतो. पोरीकडे न पाहताच तो म्हणाला, "असा बोर्ड उद्या चालत परत जाईन. खुशबू, पेटी आण. थापी दे. घरात सिमेंटाची अर्धी थैली हाय नं मोरीसाठी आणलेली? तेबी."

"अन् मोरी?" मंगलाबाईनं विचारलं.

"मोरी थांबन. गाडी थांबणार नाही."

सिमेंट कालवलं गेलं. खांबाच्या बुडाशी ओतलं गेलं. जीवननं थापी फिरवली आणि वरचा पृष्ठभाग असा गुळगुळीत केला, की त्यात ढगांचा उजेड दिसावा. खुशबू खांब धरून उभी होती, सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळे वार सरळ धरून उभी असावी तशी. विनोद बसमध्ये चढला. परसरामला नव्या बोर्डाची खबर द्यायला टेकचंद वहीचं पान फाडत होते. मंगलाबाई ओल्या सिमेंटाकडे पाहत होती. पाहता पाहता ती खाली वाकली, आणि तिच्या चिमटीत तीन रोपं होती.

"अवं!" जीवन ओरडला. "सिमेंट हाय ते!"